मिलिंग मशीनच्या स्टेपर मोटरला २४ व्होल्ट पुरेसे आहेत का?

कुडाळ_मिलिंग (प्रश्न)

कुडाळ एमआयडीसीतील माझ्या लहान वर्कशॉपमध्ये मासेमारी नौकांच्या पंपांचे गनमेटलचे आणि ॲल्युमिनियमचे भाग होतात. सीएनसी केलेल्या मिलिंग मशीनच्या एक्स आणि वाय अक्षांवर नेमा २३ आकाराच्या स्टेपर मोटरी (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणाऱ्या) असून त्यांच्या पाटीवर ३ अँपिअर, ०.९ ओहम, ३.२ मिलिहेन्री आणि २.७ व्होल्ट असे आकडे आहेत. मोटरला करंट देणारा ड्रायव्हर २० ते ५० व्होल्टचा आहे, बॉलस्क्रूचा पिच (एका फेऱ्यात सरकणारे अंतर) ५ मिमी आहे, आणि वीजपुरवठा १८ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज व कपॅसिटर असा जुन्या पद्धतीचा असून तो साधारण २४ व्होल्ट देतो.

कापताना मोटर कधीही कमी पडत नाही. रॅपिडला (न कापता अक्ष वेगाने हलवताना) मात्र मिनिटाला २५०० मिमीच्या पुढे गेले की ती किंचाळते आणि स्टेप सुटतात. संध्याकाळी लाइन १९० व्होल्टपर्यंत उतरते तेव्हा हेच २००० च्या आतच होऊ लागते. व्होल्टेज वाढवावे, की मोठी मोटर घ्यावी? आमचे इलेक्ट्रिशियन पाटीवरचे २.७ व्होल्ट दाखवून २४ व्होल्टसुद्धा जास्त असल्याचे सांगतात.

मिरजोळे_टूलरूम

पाटीवरचे २.७ व्होल्ट म्हणजे फक्त ३ अँपिअर गुणिले ०.९ ओहम. मोटर उभी असताना एवढा करंट टिकवायला तेवढे व्होल्ट पुरतात, इतकाच त्याचा अर्थ आहे. तुमचा ड्रायव्हर चॉपर पद्धतीचा आहे. करंट ठरलेल्या मर्यादेला पोहोचला की तो स्वतःच पुरवठा तोडतो व पुन्हा जोडतो, त्यामुळे २४ काय किंवा ४० काय, वाइंडिंगमधून ३ अँपिअरपेक्षा अधिक जात नाही. उभ्या मोटरचा टॉर्क करंटवर ठरतो, आणि म्हणूनच कापताना तुम्हाला काहीच उणे जाणवत नाही.

वेग वाढला की मात्र प्रश्न करंट किती आहे याचा राहत नाही, तो किती लवकर चढतो याचा होतो, कारण वाइंडिंगचा इंडक्टन्स करंटला एकदम चढू देत नाही. तुमच्याच आकड्यांवर ढोबळ हिशेब करू. ३.२ मिलिहेन्रीत ३ अँपिअर चढवायला २४ व्होल्टवर सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात आणि ४८ व्होल्टवर ०.२. मिनिटाला ३००० मिमी म्हणजे ५ मिमी पिचच्या स्क्रूचे ६०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला २०० स्टेप धरून सेकंदाला २००० पूर्ण स्टेप, आणि प्रत्येक स्टेपच्या वाट्याला ०.५ मिलिसेकंद. त्यातला चार पंचमांश वेळ केवळ करंट चढण्यात गेला, शिवाय फिरणारी मोटर स्वतः उलट व्होल्टेज निर्माण करते तेही वजा झाले, तर टॉर्क उरणार कुठून? मोठी मोटर घेतलीत आणि तिचा इंडक्टन्स जास्त निघाला, तर रॅपिड उलट आणखी खाली येईल.

संध्याकाळचे कोडेही यातच आहे. तुमचा पुरवठा रेग्युलेटेड नाही, त्यामुळे लाइन पडली की तोही त्याच प्रमाणात पडतो. २३० ऐवजी १९० आले की १८ चे सुमारे १४.९ होतात, आणि कपॅसिटर एसीच्या शिखरापर्यंत, म्हणजे सुमारे १.४ पट, चढत असला तरी डायोडमधील घट वजा जाता त्यावर जेमतेम साडेएकोणीस व्होल्ट उरतात. लोड आल्यावर त्याहूनही कमी. ड्रायव्हरची किमान मर्यादाच २० आहे. ३६ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा रेग्युलेटेड वीजपुरवठा) बसवा. त्याच्या पाटीवरील इनपुटच्या मर्यादेत लाइन असेल तोवर त्याचे आउटपुट हलत नाही.

सावंतवाडी_राउटर

वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त "३६ चांगले तर ४८ अधिक चांगले" या मोहात कोणी पडू नये, म्हणून लिहितो. आम्ही लाकडावर काम करतो. कटिंगचा भार कमी आणि रॅपिड जास्त, त्यामुळे आमच्याकडे ४८ व्होल्ट आहेत, पण ड्रायव्हर ८० व्होल्टपर्यंतचे आहेत. गॅन्ट्री (कटर वाहून नेणारी चौकट) झटकन थांबते तेव्हा मोटर जनरेटरसारखी वागून ऊर्जा पुरवठ्याकडे परत ढकलते आणि तेथील व्होल्टेज क्षणभर चढते. ५० व्होल्टच्या ड्रायव्हरला ४८ दिले तर त्या चढीला फक्त दोन व्होल्टची जागा राहते. ट्रान्सफॉर्मरचा पुरवठा असेल तर धोका दुहेरी, कारण आपल्याकडे रात्री उशिरा लाइन २५० च्याही वर जाते.

मोटरसाठी कमाल किती, याला ड्रायव्हर बनवणाऱ्या गेकोड्राइव्ह कंपनीचा एक उपयोगी नियम आहे: मिलिहेन्रीतील इंडक्टन्सचे वर्गमूळ गुणिले ३२. तुमच्या मोटरला ते सुमारे ५७ येते. त्याच्या जवळ जावेच असे नाही. व्होल्टेज वाढले की चॉपिंगमुळे लोखंडातील हानी वाढते आणि मोटर उभी असतानाही अधिक तापते. बॉडी ७०-८० अंशांपर्यंत जाणे बहुतेक मोटरींना चालते, तरी उभ्या अवस्थेत करंट निम्मा करण्याचा स्विच ड्रायव्हरवर असेल तर तो चालू ठेवावा.

व्होल्टेजला हात लावण्यापूर्वी प्रवेग थोडा कमी करून पाहा आणि गिब (स्लाइडमधील ढिलेपणा काढणारी पट्टी) अवाजवी आवळलेली नाही ना, हेही तपासा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत एसएमपीएसचा पंखा मीठ आत ओढतो आणि टर्मिनलवर हिरवा थर चढतो. तो एसएमपीएस बंद पेटीत बसवला नाही तर पावसाळ्यानंतर भलतेच दोष शोधत बसावे लागते. (आणि ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर कधीही काढू नये, ड्रायव्हर जळण्याचे ते सर्वांत सोपे कारण आहे.)

कुडाळ_मिलिंग

दोघांचे आभार. ३६ व्होल्टचा एसएमपीएस मागवतो. झेड अक्षाची मोटर आठ वायरची आहे आणि सध्या सिरीजमध्ये जोडलेली आहे. तिचे काय करावे?

मिरजोळे_टूलरूम

ती पॅरलल जोडा, म्हणजे प्रत्येक फेजच्या दोन कॉइल एकापुढे एक न जोडता समांतर. सिरीजच्या तुलनेत इंडक्टन्स एक चतुर्थांश होतो. पूर्ण टॉर्कसाठी करंट मात्र दुप्पट द्यावा लागतो, तरीही तो चढायला लागणारा वेळ निम्मा होतो, म्हणजे पुरवठा न बदलता व्होल्टेज दुप्पट केल्याचाच परिणाम. तेवढा करंट ड्रायव्हरच्या आवाक्यात आहे का ते आधी पाहा, मोटरच्या तक्त्यात पॅरललसाठी दिलेल्या आकड्याप्रमाणे ड्रायव्हरचे स्विच लावा, आणि जोडणी उलटी होऊन दोन कॉइल एकमेकींविरुद्ध जाणार नाहीत, याची तक्त्यातील रंगांवरून खात्री करून मगच वीज द्या.