मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळी: मनन कसं करायचं?

रंकाळाकाठ, कोल्हापूर
नाताळाआधीच्या चार रविवारी घरगुती प्रार्थनासभेत मत्तय १:१-१७ (बायबलातली येशूची वंशावळ) घ्यायचं ठरलंय. नावांचे अर्थ जोडून संदेश काढणारे व्हिडिओ भरपूर दिसतात. तीच पद्धत धरावी का?

उत्तरेश्वर पेठ
नको. कितीतरी नावांचा अर्थ हिब्रूच्या जाणकारांतही नक्की ठरलेला नाही, मग आपल्याला सोयीचा तोच निवडला जातो. त्यापेक्षा साचा बघा. सतरा वचनं वहीत हातानं उतरवून काढा. ‘अमक्याला तमका झाला’ ही चाल जिथं मोडते तिथं खूण करा आणि शेजारी जुन्या करारातला संदर्भ लिहा. त्यातल्या चार जागी स्त्रिया येतात. तामार: उत्पत्ती ३८. राहाब: यहोशवा २. रूथसाठी तर अख्खं पुस्तक आहे. चौथ्या जागी मत्तय बथशेबाचं नाव घेत नाही, ‘उरीयाची बायको’ म्हणतो. दावीदानं ज्याला युद्धात पुढं धाडून मारवलं (२ शमुवेल ११), त्या हित्ती शिपायाचं नाव राजाच्या वंशावळीत कायमचं बसलं! इथं एक अख्खा रविवार द्या.

सगळ्यात मोठा मोड १६व्या वचनात आहे. ‘योसेफाला येशू झाला’ असं मत्तय लिहीतच नाही, मरीयेपासून जन्मला असं लिहितो.

कागलकर
मोजणीत लोक हमखास अडकतात, ते आधीच सांगून टाका. मत्तय चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट सांगतो, पण शल्तीएलापासून येशूपर्यंत तेराच नावं भरतात. काहीजण दुसऱ्या गटाच्या शेवटच्या यखन्या राजाला दोन्हीकडे धरतात. योराम आणि उज्जीया यांच्यामधले अहज्या, योवाश, अमस्या हे तीन राजेही गाळलेत. १ इतिहास ३:११-१२ शेजारी ठेवलं की लगेच दिसतं. ‘झाला’ म्हणजे दरवेळी सख्खा मुलगा नव्हे, वंशजही. म्हणून वर्षांची बेरीज करत बसू नका. हिब्रूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते; दावीद या नावाच्या अक्षरांची बेरीज ४+६+४, म्हणजे चौदा होते. बरेच अभ्यासक चौदाचा संबंध तिथं जोडतात. मत्तयाचा रोख दावीदाच्या राजासनाकडे आहे, हे पहिल्याच वचनात कळतं.

शाहूपुरी
यखन्यावर जरूर थांबा. यिर्मया २२:२४ मध्ये देव त्याला म्हणतो, तू माझ्या उजव्या हातातली मुद्रा (शिक्क्याची अंगठी) असतास तरी उपटून टाकली असती. त्याच वंशातल्या जरुब्बाबेलाला हाग्गय २:२३ मध्ये देव म्हणतो, तुला मुद्रेसारखा करीन. दोन्ही वचनं लागोपाठ, सावकाश वाचा. मधे काही बोलू नका.

त्यानंतर अबीहूदापासून याकोबापर्यंत नऊ नावं येतात. त्यांची हकिकत बायबलात दुसरीकडे कुठंच नाही. ना राज्य, ना पराक्रम; तरी देवानं दिलेलं वचन त्यांच्याच घरांतून पुढं गेलं. ही नऊ नावं कुणी गाळू नयेत. आपल्याकडं हेळवी दारात येऊन पिढ्या वाचतो, तेव्हा घरची माणसं आपल्या शाखेचं नाव येईपर्यंत जागची हलत नाहीत. तसं ऐकायला सांगा.

रंकाळाकाठ, कोल्हापूर
मनापासून आभार. मग वाटणी अशी करतो: पहिल्या रविवारी चार स्त्रिया आणि उरीया, दुसऱ्या रविवारी राजे आणि गाळलेली नावं, तिसऱ्या रविवारी यखन्या व ते नऊजण, चौथ्या रविवारी वचन १६. नऊ नावं नऊ जणांना एकेक वाटून मोठ्यानं वाचायला लावतो.