ए प्लस रेटिंगचा बाँड ११.५ टक्के देतोय, घ्यावा का?

राजारामपुरीकर: मंडळी, वडिलांच्या निवृत्तीच्या पैशांपैकी ५ लाख गुंतवायचे आहेत. बँकेची एफडी ७ टक्के. ऑनलाइन एका एनबीएफसीचा (बँक नसलेल्या कर्ज देणाऱ्या कंपनीचा) ३० महिन्यांचा सिक्युअर्ड, म्हणजे तारण असलेला, बाँड ११.५ टक्क्यांना दिसतोय. एजंट म्हणतो, "ए प्लस म्हणजे सगळ्यात वरचं, डोळे झाकून घ्या." गल्लीतली पतसंस्था १० टक्के देते. रेटिंगवरून बुडण्याचा धोका कसा ओळखायचा?

कर्जरोखेवाला: एजंटानं दोन पट्ट्यांची सरमिसळ केलीय. सगळ्यात वरचं असतं ते 'ए वन प्लस', आणि तेही वर्षाच्या आतल्या कागदांसाठी, म्हणजे कमर्शियल पेपर (कंपन्यांचे अल्प मुदतीचे कर्जरोखे) वगैरे. तुमचा बाँड अडीच वर्षांचा. त्याची पट्टी अशी: ट्रिपल ए, डबल ए प्लस, डबल ए, डबल ए मायनस आणि मग ए प्लस. पाचवी पायरी! ट्रिपल बी मायनसच्या खाली गेलं की इन्व्हेस्टमेंट ग्रेड, म्हणजे गुंतवणुकीला बरी समजली जाणारी श्रेणी, संपली.

रेटिंग त्या कागदाला, म्हणजे त्या ठरावीक बाँडला, असतं. एकाच कंपनीच्या सिक्युअर्ड आणि सबऑर्डिनेटेड (पैसे परत मिळण्यात मागच्या रांगेतल्या) बाँडचं रेटिंग वेगळं असू शकतं. म्हणून जाहिरातीतला आयएसआयएन, म्हणजे त्या बाँडचा ओळख नंबर, रेटिंग देणाऱ्या एजन्सीच्या यादीत आहे का, हे आधी जुळवा.

पतसंस्थेचं म्हणाल तर तिथल्या ठेवीला बँकेसारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नाही. बाँडलाही नाही.

आकडेमोड: हिशेब करून बघा. १०० रुपयांचे वर्षाअखेर एफडीत १०७, बाँडमध्ये १११.५. कंपनी बुडाली आणि हाती ४० च आले असं धरा. मग वर्षाला बुडण्याची शक्यता साधारण ६.३ टक्के असेल तिथं दोन्ही बरोबरीत सुटतात. एजन्सी प्रत्येक श्रेणीचा डिफॉल्ट दर (किती कंपन्यांनी पैसे थकवले) आपल्या साइटवर देतात, त्याच्याशी हा आकडा ताडून बघा. पण ही सरासरी वीस-पंचवीस कंपन्यांत पैसे विभागणाऱ्याला लागू. ५ लाख एकाच कागदात घातले तर सरासरीचा काय उपयोग? बुडाला की बुडाला.

शिवाय रेटिंग सांगतं ते वेळेवर पैसे मिळण्याची शक्यता. मध्येच विकायला गेलात तर गिऱ्हाईक मिळेल का, ते त्यात येत नाही.

कर्जरोखेवाला: आणि अक्षर हललं की उशीर झालेला असतो. आयएल अँड एफएस या मोठ्या वित्त कंपनीचं रेटिंग २०१८ च्या ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत ट्रिपल ए होतं, सप्टेंबरात डी, म्हणजे पैसे थकवले. एजन्सीची फी कर्ज घेणारी कंपनीच भरते, हेही ध्यानात असू द्या.

म्हणून नुसतं अक्षर बघू नका, एजन्सीच्या साइटवरून रेटिंग रॅशनल, म्हणजे रेटिंगमागची कारणं सांगणारं टिपण, उतरवून घ्या. मी सगळ्यात आधी लिक्विडिटीचा, म्हणजे कंपनीच्या हातातल्या रोकडीचा, परिच्छेद बघतो. 'स्ट्राँग' किंवा 'ॲडिक्वेट' ठीक, 'स्ट्रेच्ड' (ओढाताण) दिसलं की विषय संपला. मग रेटिंग सेन्सिटिव्हिटीज, म्हणजे रेटिंग कशानं बदलेल ते. एनपीए (थकलेली कर्जं) किती टक्क्यांवर गेला तर रेटिंग कापू, हे तिथं बहुधा आकड्यासकट लिहिलेलं असतं. तो आकडा ताज्या तिमाही निकालाशी लावून बघा. शेवटी मागच्या तीन वर्षांचं रेटिंग. 'इश्यूअर नॉट कोऑपरेटिंग' असा शेरा असेल तर कंपनी एजन्सीला माहितीच देत नाहीये. लांब राहा.

राजारामपुरीकर: रॅशनल काढलं. लिक्विडिटी 'ॲडिक्वेट', पण आउटलूक (पुढचा कल) 'निगेटिव्ह'. एनपीए ५ च्या वर गेला तर कापणार असं लिहिलंय. मार्च तिमाहीत ४.६ आहे.

आकडेमोड: मग ए प्लस हे कालचं रेटिंग समजा आणि भाव 'ए'चा, म्हणजे खालच्या पायरीइतकं जास्त व्याज, मागा. टर्म शीटमध्ये (बाँडच्या अटींच्या कागदात) रेटिंग घसरलं तर व्याज वाढवायचं किंवा मुदतीआधी पैसे परत मागायचं कलम असतं, ते शोधा. पण सगळ्यांनी एकदम परत मागितले तर कंपनीच्या तिजोरीत तेवढी रोकड असते का, हा प्रश्न उरतोच. निवृत्तीच्या पैशातले ५० हजारांच्या वर यात नकोत. बाकीची एफडी करा.