वाचनाची 'रणनीती' म्हणायचं का?

निळीशाई

शिक्षकांसाठीच्या एका पुस्तिकेचं भाषांतर माझ्याकडे आलंय. 'रीडिंग स्ट्रॅटेजी' हा शब्द पानोपानी आहे. आधीच्या भाषांतरकाराने पहिल्या प्रकरणात 'वाचन रणनीती' केलंय, दुसऱ्यात 'व्यूहरचना' आणि तिसऱ्यात 'कार्यनीती'. नमुना बघा: 'उतारा वाचण्यापूर्वी शीर्षकावरून मजकुराचा अंदाज घेणे ही प्रभावी रणनीती आहे.' तिसरीतली पोर आणि 'आमची गाय' हा दहा ओळींचा उतारा. यात रण कुठून आलं?

पण त्याच लोकांची छोट्या उद्योजकांसाठीही एक पुस्तिका आहे, तिथे 'व्यवसायाची रणनीती' मला खटकलं नाही. असं का होतं? आणि दोन्हीकडे चालेल असा एक शब्द मराठीत आहे का?

बोरूबहाद्दर

ताई, मूळ शब्दही लढाईतलाच. ग्रीकमध्ये 'स्ट्रॅटॉस' म्हणजे सैन्य आणि ते नेणारा तो 'स्ट्रॅटेगॉस', सेनापती. फरक एवढाच की इंग्रजीत हे सैन्य केव्हाच घरी गेलं, बोलणाऱ्याला ते ऐकू येत नाही. आपण भाषांतर करताना त्याला पुन्हा घोड्यावर बसवलं.

'व्यूह'चं थोडं वेगळं आहे. व्यूह म्हणजे मांडणी. गीतेच्या दुसऱ्याच श्लोकात दुर्योधनाला पांडवांचं सैन्य 'व्यूढ', म्हणजे मांडून उभं केलेलं, दिसतं. शब्दात स्वतःचं असं रक्त नाही. पण अभिमन्यूनंतर मराठी माणसाला व्यूह म्हटलं की चक्रव्यूहच दिसतो, त्याला इलाज नाही. निवडणुकीच्या बातम्यांत 'व्यूहरचना' शोभते. गाईच्या उताऱ्याला नको.

पाटीपेन्सिल

माझं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. 'स्ट्रॅटेजी' हा शब्द आमच्याकडे फक्त कंपनीचा सेल्समन वापरतो. बाबा म्हणायचे 'आडाखा'. मार्च आला की माल भरायचा, कारण शाळा जूनमध्ये उघडतात आणि मे महिन्यात घाऊक बाजारात नेमकी हवी ती वही मिळत नाही. दुरेघी किती, चौरेघी किती, दोनशे पानी किती, हे बाबा गल्ल्यामागच्या भिंतीकडे बघत सांगायचे. गेल्या साली काय उरलं, कुठल्या शाळेत नवे हेडमास्तर आले, कोणत्या शाळेने चौकटी वह्या सुरू केल्या, सगळं डोक्यात. फारसं चुकायचं नाही.

मी कॉम्प्युटरवर तक्ता करतो. त्याला 'नियोजन' म्हणतो, कारण बँकेला तसंच लिहून द्यावं लागतं. 2020च्या मार्चमध्ये तक्त्याबरहुकूम सगळा माल भरला आणि शाळा बंद झाल्या. चौरेघीचे गठ्ठे पोटमाळ्यावर दोन पावसाळे राहिले, खालच्या वह्यांना वाळवी लागली. तेव्हा मी म्हटलं, 'नियोजन कोलमडलं.' आडाखा चुकला असं काही तोंडातून निघालं नाही. का ते आज लिहिताना जाणवलं. आडाखा आपला असतो, चुकतो तो आपण. नियोजन पत्त्यांच्या बंगल्यासारखं, बाहेरून धक्का लागला की पडतं.

एक मात्र सांगतो, दुकानदारीत शत्रू नसतो असं कुणी म्हणू नये. दहा मिनिटांत वही घरपोच देणारे आलेत. आम्हाला रणनीती लागते!

बोरूबहाद्दर

पाटीपेन्सिल, तुम्ही फार कामाची गोष्ट सांगितलीत. शब्दाचा अर्थ कोशात बघण्याआधी तो मोडतो कसा ते बघावं. बेत फिसकटतो. मनसुबा उधळतात. योजना बारगळते. आडाखा चुकतो. डाव फसतो, कधी अंगावर उलटतो. व्यूह भेदला जातो. क्रियापद बदललं की आतलं चित्र बदलतं. उधळायला आणि भेदायला समोर कुणीतरी लागतं. फिसकटायला कुणी लागत नाही, पाऊस पुरतो.

निळीशाई ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. धंद्यात समोर कुणीतरी असतं, म्हणून रणनीती खपून जाते. पुस्तक काही उलट वार करत नाही. वाचन रखडतं, मागे पडतं, अर्धवट राहतं. कुणी ते हाणून पाडलं असं आपण म्हणत नाही.

जाता जाता, मनसुबा शब्दात 'मन' नाही. तो अरबीतून फारसीमार्गे आला. शतरंजात मुद्दाम मांडलेल्या कोड्याला 'मन्सूबा' म्हणत: इतकी मोहरी अशी ठेवली आहेत, आता सोडवा. आपण ते डोक्यातल्या बेतावर नेलं आणि पुढे वर्तमानपत्रांनी चोरांना देऊन टाकलं. 'दरोड्याचा मनसुबा उधळला.' सज्जनांचे मनसुबे आता बातमीत येत नाहीत.

लालमाती

डावपेच राहिलं. तालमीत डाव म्हणजे एकेक: ढाक, धोबीपछाड, कलाजंग. प्रत्येक डावाला तोड असते. पण कुस्ती किती वेळ ओढायची, समोरच्याला आधी दमवायचं की पहिल्याच झटक्यात पटात घुसायचं, हे वस्ताद आदल्या दिवशी सांगतात, त्याला आम्ही डाव म्हणत नाही. दुकानात 'एकावर एक फुकट' हा डाव झाला. वर्षभर कशावर जगायचं हा नाही. 'कावा'सुद्धा बघा, घोडा गोल फिरवणं म्हणजे कावा. गनिमी काव्यातला कावा तोच असं ऐकत आलोय.

बोरूबहाद्दर

आणि वस्ताद आदल्या दिवशी सांगतात ते 'धोरण'. हा शब्द सरकारी जाहिरातींनी पार बोथट करून टाकलाय, नाहीतर 'धोरणी माणूस' म्हटलं की काय अभिप्रेत आहे ते मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला तेव्हा लोखंडाने जमिनीत विष भिनेल या समजुतीने शेतकरी तो घेईनात. तरी ते नांगरावर टिकून राहिले, 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि 1920मध्ये तिथूनच 'किर्लोस्कर खबर' निघू लागली. आधी कारखान्याची आणि मालाची माहिती देणारं पत्रक, पुढे घरोघर वाचलं जाणारं मासिक. गिऱ्हाइकाला आधी वाचक करायचं, याला डावपेच म्हणणं अन्यायाचं होईल. रणनीतीही नव्हे. धोरण.

ओवीओवी

तुमची चर्चा वाचून आईचं गुरुचरित्राचं पारायण आठवलं. सात दिवसांचा सप्ताह, अध्याय पन्नासाच्या वर. कुणीही भागाकार करून रोज सात-साडेसात म्हणेल. आमच्याकडची वाटणी अशी: पहिल्या दिवशी 9पर्यंत, मग 21, 29, 35, 38, 43 आणि सातव्या दिवशी शेवटपर्यंत. म्हणजे दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी फक्त तीन! लहानपणी मला वाटायचं पाचव्या दिवशी सुट्टी असते. मग एकदा शेजारी बसले. छत्तिसावा अध्याय संपता संपेना. आचारधर्माचा तो, प्रचंड मोठा. वाटणी करणाऱ्याने अध्याय मोजले नव्हते, बसणाऱ्याची मांडी आणि घसा मोजला होता. दुसरीकडे 7, 18, 28 अशीही वाटणी आहे, पण पाचव्या दिवशी तिथेही तीनच येतात.

याला आई 'नियोजन' म्हणाली असती तर मी हसले असते. ती म्हणायची, 'पोथीची वाटणी.'

निळीशाई

ओवीओवी, 'वाटणी' मी लगेच उचलतेय. पुस्तिकेत 'रीडिंग प्लॅन' आहे तिथे 'वाचनाची वाटणी' किंवा 'आखणी'. पाटीपेन्सिलदादांच्या दुकानातली आखीव वही डोळ्यांसमोर आली. आधी रेघा मारायच्या, मग त्यावर लिहायचं, आखणी म्हणजे तेवढंच. रेघेबाहेर गेलं तरी आभाळ कोसळत नाही.

राहिला 'स्ट्रॅटेजी'. शीर्षकावरून अंदाज घेणं, आधी चाळून बघणं, अडलेला शब्द पुढच्या वाक्यावरून लावणं, समासात खूण करणं... शिक्षिका वर्गात याला 'युक्ती' म्हणेल. 'थांब, तुला एक युक्ती सांगते.' 'युक्ती' लिहिलं तर?

बोरूबहाद्दर

निःशंक लिहा. युक्ती, योजना, नियोजन ही सगळी एकाच 'युज्' धातूची लेकरं. जोडणं, जुंपणं. बैलाच्या मानेवरचं जूसुद्धा त्याच घराण्यातलं. युक्ती धाकटी, म्हणून तिला कुणी कार्यालयात बसवत नाही एवढंच.

पाटीपेन्सिल

आणि दुकानाचं काय? उद्योजकांच्या पुस्तिकेत युक्ती लिहू नका हां. आमच्याकडे 'युक्ती केली' म्हणजे काट्यात मारलं.

निळीशाई

दादा, तुमच्यासाठी 'धोरण' आणि त्या दहा मिनिटवाल्यांपुरती 'रणनीती' ठेवली आहे. म्हणजे एकच शब्द काही मिळाला नाही.

निळीशाई (आठवड्याने)

मजकूर पाठवला होता, आज उत्तर आलं. 'आखणी' मंजूर. 'वाटणी' म्हणजे इस्टेटीची वाटते म्हणून काढली. आणि 'युक्ती' फार घरगुती वाटते, 'वाचन-युक्तीनीती' करता येईल का, असं विचारलंय.

बोरूबहाद्दर

ताई, त्यांचा फोन नंबर मागू नका, मी म्हातारा माणूस आहे.