बाबांच्या फोनसाठी मेमरी कार्ड : कोणतं आणि किती जीबीचं घेऊ? (बजेट ८०० रुपये)

निळवंडे_काठ
नमस्कार मंडळी. बाबा गावी असतात, अकोले तालुक्यात. त्यांचा फोन पाच वर्षं जुना, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज. त्यातली निम्मी जागा अँड्रॉइड आणि फोनसोबत आलेली अ‍ॅपंच खातात. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि एकादशीचं भजन, सप्त्यातली कीर्तनं सगळं फोनवर रेकॉर्ड करून ठेवतात. मागच्या आठवड्यात काल्याच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग 'जागा शिल्लक नाही' म्हणून मधेच थांबलं. मंडळातले सगळ्यात वयस्क बुवा तेव्हा गौळण म्हणत होते. त्यांचा आवाज आता वर्षागणिक खाली चाललाय. बाबांना हे फार लागलं, दोन दिवस तोच विषय.

कार्ड किती जीबीचं घ्यावं? कार्ड घातल्यावर फोन हँग व्हायचा थांबेल का? आणि दुकानदार म्हणतो कार्ड 'इंटर्नल' करून देतो, म्हणजे फोनच्या आतल्या स्टोरेजचाच भाग, ते करावं का? बजेट ८००. बाबा पहाटे छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर अभंग लावतात, त्यालाही कार्डाचा स्लॉट आहे, जमलं तर तिथेही चालावं.

सह्यकडा
सरळ २५६ जीबी घ्या आणि विषय संपवा. माझ्याकडे सॅमसंगचं इव्हो आहे, तीन वर्षं झाली, रायगडापासून हरिश्चंद्रगडापर्यंतचे सगळे ट्रेक त्यात आहेत. ८०० रुपयांत चांगलं काही येत नाही, थोडे पैसे वाढवा.

वरचा_मजला
पाच वर्षं जुन्या फोनवर खर्च कशाला? नवा घ्या. आता १२८ जीबीचे फोन सहज मिळतात. मी आईला दिवाळीत घेऊन दिला, तेव्हापासून एकही तक्रार नाही.

निळवंडे_काठ
नवा फोन सध्या शक्य नाही. आणि बाबांचा हात याच फोनवर बसलाय. बटणं कुठे आहेत ते त्यांना न बघता कळतं.

पाटा_वरवंटा
ताई, आधी एक गोष्ट स्पष्ट करते, कारण दुकानदार इथेच फसवतात. आपण दोन्हींना 'मेमरी'च म्हणतो, पण रॅम आणि स्टोरेज वेगळे आहेत. स्टोरेज म्हणजे घरातलं कपाट, रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. माळ्यावर आणखी एक कपाट ठेवलं म्हणून ओटा लांब होत नाही. कार्ड घातल्याने ३ जीबीची रॅम ३ जीबीच राहणार.

तरीही फोन थोडा हलका वाटेल, आणि त्याचं कारण वेगळं आहे. अंतर्गत स्टोरेज काठोकाठ भरलं की फोन अडखळतो, कारण नवं काही लिहायला त्याला मोकळे ब्लॉक सापडत नाहीत. रेकॉर्डिंग, फोटो, व्हिडिओ कार्डावर हलवून आत चार-पाच जीबी मोकळे ठेवा. फरक दिसेल.

उपराजधानी
वरील प्रतिसादाशी सहमत. फक्त एक भर. हल्ली फोनच्या सेटिंगमध्ये 'रॅम वाढवा' असा पर्याय येतो. ती रॅम कार्डातून येत नाही, फोनच्या अंतर्गत स्टोरेजमधलाच तुकडा घेतात. बाबांच्या फोनमध्ये असेल तर बंद करा. जागेचीच चणचण आहे, ती आणखी वाढेल.

फिरता_रंगमंच
माझ्या नोकिया ६६०० मध्ये आत ६ एमबी जागा होती आणि डब्यात ३२ एमबीचं एमएमसी कार्ड मिळालं होतं. ३२ एमबी! त्यात पंधरा गाणी दाबून दाबून बसवायचो. बसमध्ये सगळ्या पोरांत माझ्याच फोनवर गाणी वाजायची. ते कार्ड अजून चालतं, परवाच रीडरमध्ये घालून बघितलं.

सह्यकडा
६६०० ला मायक्रोएसडी होतं ना?

फिरता_रंगमंच
नव्हतं. हा फोन २००३ चा. मायक्रोएसडी हे नावच २००५ चं, त्याआधी सॅनडिस्कने तेच कार्ड ट्रान्सफ्लॅश म्हणून आणलं होतं. ६६०० चं एमएमसी चांगलं टपाल तिकिटाएवढं असायचं, मायक्रोएसडी करंगळीच्या नखाएवढं.

मुळा_मुठा
किती जीबी हा नंतरचा प्रश्न. आधी खरं कार्ड घ्या.

मी दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन १२८ जीबीचं कार्ड घेतलं होतं. पाकिटावर नामवंत कंपनीचं नाव, किंमत बाजारापेक्षा निम्मी. फोनमध्ये घातलं, १२८ दाखवलं, मी खूश. भाचीच्या लग्नाचे चार दिवस त्यातच शूटिंग केलं. घरी येऊन बघतो तर मेंदी आणि हळद नीट आणि लग्नाच्या फायली दिसतात पण एकही उघडत नाही. आत चिप प्रत्यक्षात आठ जीबीची होती. कार्डाच्या कंट्रोलरला खोटं बोलायला शिकवलेलं असतं, फोन विचारतो किती जागा, तो म्हणतो १२८. खरी जागा संपली की पुढचं एकतर हवेत जातं नाहीतर जुन्यावर लिहिलं जातं. नाव आणि आकार मात्र यादीत शाबूत दिसतात, म्हणून कळत नाही. अंतरपाट धरल्यापासूनचं काहीच उरलं नाही. बहिणीला सांगताना माझा आवाज फुटत नव्हता.

तेव्हापासून कुठलंही कार्ड आणलं की आधी लॅपटॉपला लावतो आणि 'एचटूटेस्टडब्ल्यू' चालवतो. विंडोजवर फुकट आहे. ते पूर्ण कार्ड भरेपर्यंत चाचणीच्या फायली लिहितं आणि परत वाचून ताडून बघतं. लिनक्स आणि मॅकवर 'एफथ्री' तेच काम करतं. वेळ लागतो, लागू द्या. रिकाम्या कार्डावरच करा. आणि ६४ च्या कार्डावर विंडोजने ५९ दाखवलं तर घाबरू नका, तो मोजण्याचा फरक आहे. कंपनी हजारच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.

उपराजधानी
खरं कार्ड घ्या, बिल घ्या, आणि १२८ घ्या. ६४ आणि १२८ मध्ये फार फरक पडत नाही किमतीत.

लेक_मिशिगन
आमच्याकडे शिकागोत तर सेलमध्ये १२८ जीबी पिझ्झापेक्षा स्वस्त मिळतं. मी नेहमी ए२ लिहिलेलं घेतो, ए१ जुनं झालं. हे कार्डाच्या वेगाचे दर्जे. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचनं आणि ५०० लेखनं, ए२ म्हणजे ४००० आणि २०००. कुणी येणार असेल तर त्यांच्याबरोबर पाठवून देईन, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पाटा_वरवंटा
ते ४००० आणि २००० मिळायला फोननेही ए२ ला साथ द्यायला लागते. पाच वर्षं जुन्या स्वस्त फोनमध्ये तो आकडा पाकिटावरच राहील. आवाज रेकॉर्ड करायला तर क्लास १० सुद्धा भरपूर झालं, त्यात सेकंदाला किमान १० एमबीचं लेखन आहे.

लेक_मिशिगन
ताई, पुढे फोन बदलला तर? तेव्हा उपयोगी पडेलच की.

सह्यकडा
पुढच्या फोनला स्लॉट असेल तर ना. आयफोनला तर कधीच नव्हता, आता इतर बऱ्याच महागड्या फोनमधूनही गेला. जास्त स्टोरेजचं मॉडेल घ्या म्हणतात. आणि जिथे आहे तिथे हायब्रिड, दुसरं सिम किंवा कार्ड, दोन्हींपैकी एकच. मला ऑफिसचं सिम घरी ठेवावं लागतं याच्यापायी. ताई, बाबांचा ट्रे आधी बघून घ्या.

निळवंडे_काठ
बघितला. हायब्रिडच आहे, पण गावात एकाच कंपनीची रेंज येते, त्यामुळे दुसरी जागा रिकामीच आहे.

देवगड_बंदर
इंटर्नल करू नका. पुन्हा लिहितो, करू नका.

अँड्रॉइड ६ पासून ही सोय आली. कार्ड फॉरमॅट होतं, कूटबद्ध होतं आणि त्याची किल्ली त्या एकाच फोनमध्ये राहते. मी केलं होतं. वर्षभर छान चाललं. मग होडीतून उतरताना फोन खाऱ्या पाण्यात गेला, बोर्ड मेला. मी म्हटलं कार्ड तर आहे. दुसऱ्या फोनमध्ये घातलं, तो म्हणाला फॉरमॅट करा. लॅपटॉपला लावलं, तेच. रत्नागिरीला जाऊन दाखवलं, तिथला मुलगा चांगला होता, पैसे न घेता म्हणाला, काका, किल्ली फोनबरोबर गेली. मुलीच्या बारशाचे फोटो त्यात होते, आजोबांच्या मांडीवरचे. आजोबा आता नाहीत. कार्ड धड आहे, मी जपून ठेवलंय, पण उघडत नाही.

'पोर्टेबल', म्हणजे साधं काढता-घालता येणारं ठेवलं असतं तर कुठल्याही फोनमध्ये उघडलं असतं.

वरचा_मजला
माझं चार वर्षं इंटर्नलच होतं, काहीही झालं नाही. अ‍ॅपंही त्यात टाकता येतात. सगळ्यांनाच खाऱ्या पाण्याचा धोका नसतो.

देवगड_बंदर
फोन मरायला समुद्रच लागतो असं नाही. बाबांची रेकॉर्डिंगं पुन्हा होणारी नाहीत, म्हणून सांगतोय.

पाटा_वरवंटा
देवगडकरांना पूर्ण अनुमोदन. शिवाय कार्ड अंतर्गत स्टोरेजपेक्षा मंद असतं. अ‍ॅपं त्यावर नेली की फोन आणखी अडखळतो, म्हणजे ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उलटंच होईल.

आणि हे आज फुकटात होण्यासारखं आहे : व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंगमध्ये स्टोरेजचं पान उघडा, तिथे कुठल्या ग्रुपने किती जागा खाल्ली ते दिसतं. सुप्रभातचे फोटो आणि व्हिडिओ काढून टाका, आपोआप डाउनलोड बंद करा. माझ्या सासऱ्यांच्या फोनमधून नऊ जीबी निघाले.

निळवंडे_काठ
काल रविवारी गावी गेले होते तेव्हा हे केलं. सहा जीबी निघाले! बाबा म्हणाले, मग कार्ड कशाला? पण सप्ता पुन्हा येणारच. रेकॉर्डिंग कुठल्या प्रकारात होतं तेही बघितलं, डब्ल्यूएव्ही आहे, म्हणजे आवाज न दाबता साठवणारा. तासाला सहाशे एमबीच्या वर जातंय.

फिरता_रंगमंच
मग तेच मूळ आहे! स्टीरिओ डब्ल्यूएव्ही मिनिटाला दहा एमबी खातं. अ‍ॅपमध्ये १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ किंवा एएसी हा आवाज दाबून साठवणारा प्रकार असेल तर तो लावा, तासाला ५८ एमबीच्या आसपास. भजनाला, बोललेल्या कीर्तनाला पुरतं. पखवाजाची थाप भरदार हवी असेल तर २५६ ठेवा, दुप्पट जागा, एवढंच. मी नाटकाच्या तालमी असेच साठवतो, दोनशेवर तालमी आहेत माझ्याकडे. सेव्ह कुठे करायचं ते त्याच सेटिंगमध्ये कार्डावर न्या, नाहीतर कार्ड रिकामं राहील आणि फोन भरत जाईल.

सह्यकडा
तरी २५६ जीबी घेऊन ठेवलं तर कायमची कटकट मिटते.

निळवंडे_काठ
मंडळी, घेतलं. तुम्ही सगळ्यांनी १२८ आणि २५६ सांगितलं, पण मी ३२ जीबीची दोन घेतली. दोन्ही मिळून ७४० रुपये, संगमनेरच्या ओळखीच्या दुकानातून, बिलासह.

कारण सांगते. स्पीकरच्या खोक्यावर लिहिलंय, ३२ जीबीपर्यंतच. ६४ पासूनची कार्डं एक्सफॅट नावाच्या मांडणीत फॉरमॅट होऊन येतात, आमचा स्पीकर फक्त फॅट३२ ही जुनी मांडणी ओळखतो. भावाकडचं ६४ चं घालून बघितलं, नुसताच टुक टुक करत राहिला. आणि २५६ केबीपीएसने मोजलं तरी ३२ जीबीत अडीचशे तासांच्या वर बसतात. बाबांचं वर्षाचं रेकॉर्डिंग साठ-सत्तर तास.

दोन्ही कार्डांवर एचटूटेस्टडब्ल्यू चालवलं, दोन्ही खरी निघाली. एक फोनमध्ये, पोर्टेबल. दुसरं स्पीकरमध्ये. महिन्याला मी गावी गेले की फोनमधलं सगळं लॅपटॉपवर आणि स्पीकरच्या कार्डावर उतरवणार. म्हणजे तीन ठिकाणी राहील, आणि स्पीकरमधलं बाबा रोज पहाटे ऐकतात, त्यामुळे बिघडलं तर लगेच कळेल. मुळा मुठा आणि देवगड बंदर, तुमचं वाचल्यावर एकाच मोठ्या कार्डात सगळं ठेवायचं धाडस होईना.

मुळा_मुठा
फार चांगलं केलंत. कार्डांवर मार्करने १ आणि २ लिहा, दिसायला सारखी असतात.

लेक_मिशिगन
१२८ चं कार्ड फॅट३२ मध्येही फॉरमॅट करता येतं हो, कधीकधी वेगळं सॉफ्टवेअर लागतं. पण झालं ते ठीक.

उपराजधानी
स्पीकर कोणता आहे? आमच्या आईलाही हवाय, कार्डाचा स्लॉट असलेला.

देवगड_बंदर
ताई, एक राहिलं. बाबांना सांगा, रेकॉर्डिंग लावायच्या आधी फोन एरोप्लेन मोडवर टाका. आमच्या दशावताराचं रेकॉर्डिंग ऐन आख्यानात फोन वाजल्यामुळे तुटलं होतं.

निळवंडे_काठ
हे आत्ताच फोन करून सांगते. उद्या एकादशी आहे आणि बुवा ती गौळण परत म्हणणार आहेत.