अनुभव धागा : पहिल्यांदाच थापी हातात धरून मोठ्या भिंतीला गिलावा

गावच्या घरामागे विटांची एक खोली बांधून ठेवली आहे. आतली मोठी भिंत 14 फूट लांब, 10 फूट उंच. एका भिंतीसाठी गवंडी यायला तयार नाही. शिकाऊ हातांनी मोठी भिंत केलेल्यांनी इथे लिहा. व्हिडिओ पुष्कळ पाहिले, त्यात माल (सिमेंट-वाळू कालवून केलेला) चिकटतोच. माझा का पडेल ते सांगा.

साताऱ्याचा
भिंत कोरडी असेल तर पडेल. तहानलेली वीट मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भुसभुशीत होतो. आदल्या दिवशी सांधे खरवडा, धूळ झाडा, भरपूर पाणी मारा. लावताना भिंत ओलसर हवी, पण तिच्यावरून पाणी ओघळता कामा नये. काँक्रीटच्या कॉलमला टाचे मारा (छिन्नीने खाचा पाडा) आणि वीट-कॉलमच्या सांध्यावर कोंबडीजाळी ठोका, नाहीतर तिथे उभी चीर ठरलेली.

थापी_आणि_मी
थापणं जमतं हो, भिंत एका पातळीत आणणं हे खरं काम. मी आधी चारी कोपऱ्यांत मालाचे ठिपके दिले, त्यांवर फरशीचे तुकडे दाबले, वरून ओळंबा सोडून खालचा ठिपका जुळवला आणि दोरी ताणून मधले दिले. वरच्या-खालच्या ठिपक्यांमध्ये मालाची उभी पट्टी. दोन पट्ट्यांतलं अंतर पाट्याच्या, म्हणजे माल सपाट करायच्या सरळ लांब पट्टीच्या, लांबीपेक्षा कमी हवं, कारण पाटा त्या दोन्हींवर टेकवून खालून वर, थोडा डावी-उजवीकडे हलवत ओढायचा असतो. खड्डा दिसला की माल मारा, पुन्हा ओढा. माझा पूर्ण दिवस ठिपक्यांत गेला, आणि शेजारचे काका रोज येऊन "अजून भिंत उघडीच?" विचारायचे.

कऱ्हाडची_ताई
प्रमाण एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, जाडी 12 मिमी. 100 चौरस फुटांना साधारण एक गोणी सिमेंट धरा, तुमच्या भिंतीला दीड. वाळू बारीक जाळीतून चाळूनच. अर्ध्या तासात संपेल एवढाच माल कालवा. घमेल्यात आवळलेल्या (घट्ट होऊ लागलेल्या) मालात पाणी घालून तो पुन्हा चालवू नका.
रंध्याची (पृष्ठभाग घासून सपाट करायच्या मुठीच्या फळीची) वेळ मला भावाने दाखवली : बोट दाबलं, रुतलं तर थांब, नुसता ठसा उमटला तर लाकडी रंधा गोल फिरव. घाई केली तर माल रंध्याबरोबर निघून येतो, उशीर केला तर रंधा नुसता खरखरतो. ओलं लवकर सुकावं म्हणून वर कोरडं सिमेंट फासतात, ते करू नका. वरचा थर आकसतो आणि जाळीसारख्या बारीक भेगा पडतात.

वऱ्हाडी_भाऊ
आमची भिंत मातीची. माती चांगली मुरू द्यायची, मग कुटार (धान्याचा भुसा) घालून पायानं तुडवायची, शेण शेवटी. चिरा पडतातच, त्या दुसऱ्या पातळ हाताने बुजतात. आवळून जायची भीती नाही, मधीच जेवून घ्या.

पुणे_फ्लॅटवाली
जिप्सम करा की! थेट विटेवर बसतं, क्युरिंग (रोज पाणी मारणं) नाही, पांढरं गुळगुळीत. पाण्यात पावडर घालायची, पावडरीत पाणी नाही. मात्र अर्ध्या तासाच्या आत आवळतं. ओल येणारी भिंत असेल तर विसरा.

लेस्टरहून
इथे भिंतीला ठोकलेल्या जिप्समच्या बोर्डावर दोनेक मिलिमीटरचा गुलाबी प्लास्टरचा थर असतो. एक भिंत एका दमात, मध्ये थांबलात की जोड दिसतो. म्हणून बायको कालवत होती, मी लावत होतो. त्या दुपारी आम्ही कामापुरतंच बोललो.

साताऱ्याचा
जिप्समचा सल्ला गावच्या घराला मला पटत नाही. पावसात छताची ओल उतरली तर ते सोलून निघतं. सिमेंटच करा आणि निदान 7 दिवस पाणी मारा. आणि उभं राहायला परांची नीट बांधा, खुर्चीवर स्टूल चढवू नका.

धागाकर्ता
एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. एक शंका : वायरिंगच्या पेट्या आधी की नंतर?

थापी_आणि_मी
आधी. पेटीची कड विटेपासून अर्धा इंच बाहेर ठेवा, म्हणजे गिलाव्याच्या बरोबरीला येईल. आत कागद कोंबा, नाहीतर छिन्नीने सिमेंट काढत बसाल.