रेडिएशन झालेल्या जबड्याला तारा लावाव्यात का? पुण्यात कोणाला दाखवू?

कोथरूडची_आई
मुलगा १५ वर्षांचा. सहा वर्षांचा असताना उजव्या गालात रॅब्डोमायोसारकोमा (स्नायूंसारख्या मऊ भागाचा कॅन्सर) निघाला होता. मुंबईला केमो आणि २८ वेळा रेडिएशन झालं. आता नऊ वर्षं होतील, दृष्ट न लागो, ठणठणीत आहे. पण वरचे दात पुढे आलेत, शाळेत चिडवतात, म्हणून तारा हव्यात. इथल्या एका ऑर्थोडॉन्टिस्टनी ओपीजी (सगळ्या दातांचा, जबड्यांचा एकच एक्स-रे) काढून सांगितलं, सुळ्यांमागच्या चार छोट्या दाढा काढू, दीड वर्षात दात आत. रेडिएशनचं सांगितल्यावर म्हणाले, "इतकी वर्षं झाली, काही होत नाही." माझं मन धजत नाहीये. असे पेशंट हाताळलेलं कोणी माहीत आहे का? शक्यतो कोथरूड-कर्वेनगर.

नळस्टॉपकर
भाचीच्या तारा जिथे लावल्या ते डॉक्टर उत्तम आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पण तिला रेडिएशन वगैरे काही नव्हतं हं.

उगाच_शंका
ओपीजी म्हणजेही रेडिएशनच ना? पोराला आधीच एवढं झालंय, परत परत काढू देऊ नका.

दातकोरणे
दातांचा डॉक्टर आहे, कॅन्सरचा नाही, त्या हिशोबाने वाचा.

आधी ओपीजी. तो साधारण २० मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे माणूस निसर्गातूनच तीन-चार दिवसांत जेवढं घेतो तेवढा. उपचाराचा डोस ग्रे या एककात मोजतात, तो याच्या कितीतरी पट मोठा. दोन्हींची तुलनाच नको. ओपीजी काढलाच पाहिजे, कारण त्यात मुळं दिसतात.

मुळांचं एवढं का? सहाव्या वर्षी त्या दाढांची मुळं तयार व्हायची असतात. त्या वयात रेडिएशन लागलं तर मुळं आखूड, टोकदार राहू शकतात, एखादा दात बनतच नाही, त्या बाजूचा जबडाही कमी वाढतो. तारांनी मुळं थोडी झिजतातच. आधीच आखूड असतील तर झिजायला उरतं काय?

दात सरकतो तेव्हा पुढचं हाड पेशी खातात आणि मागे नवं भरतात. रेडिएशनने हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आणि या पेशी दोन्ही कमी होतात, आणि वर्षं उलटली म्हणून ते आपोआप पूर्ववत होत नाही. म्हणून "इतकी वर्षं झाली" हे मला पटलं नाही. उपचारानंतर निदान दोन वर्षं थांबा म्हणतात, ती तुमची झाली आहेत. तारा लावताच येणार नाहीत असं नाही. पण जोर हलका, उपकरण साधं, काम लवकर थांबवायचं आणि जमल्यास खालच्या जबड्याला हात लावायचा नाही.

खरी भीती तारांची नाही, दाढा काढण्याची आहे.

सातारारोडची_काकू
शेवटच्या ओळीला हजारदा अनुमोदन. यजमानांना जिभेच्या कॅन्सरसाठी ६६ ग्रे दिलं होतं. तिसऱ्या वर्षी खालची दाढ दुखली म्हणून जवळच काढली. सात महिने जखम भरली नाही, जिभेला हाड लागायचं. दाढ काढणाऱ्याने फाइल मागितली नव्हती आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

उगाच_शंका
ऑक्सिजनच्या चेंबरमध्ये बसवतात म्हणे आधी?

दातकोरणे
बसवायचे. २०१९ साली ब्रिटनमधल्या चाचणीत, दात काढण्याआधी-नंतर चेंबरमध्ये बसवून हाड कुजणं टळलं असं दिसलं नाही. त्या भरवशावर दाढा काढू नका.

काकू, ६० ग्रेच्या वर हाड कुजण्याचा धोका बराच वाढतो, ५० च्या आत कमी. खालच्या जबड्यात जास्त, कारण हाड घट्ट आणि रक्तपुरवठा मुख्यतः एकाच धमनीचा. म्हणून धागाकर्तीताई, डॉक्टर शोधण्याआधी कागद शोधा: एकूण डोस, आणि जबड्याच्या कुठल्या भागाला किती. घरी नसेल तर जिथे रेडिएशन झालं तिथून मागवा.

मग एकट्या क्लिनिकपेक्षा डेंटल कॉलेज बरं. ऑर्थो आणि ओरल सर्जरी एका छपराखाली मिळतात. धनकवडीचं भारती विद्यापीठ, कॅम्पातलं रंगूनवाला, पिंपरीचं डी. वाय. पाटील. तुम्हाला धनकवडी जवळ.

कोथरूडची_आई
माळ्यावरच्या पिशवीत फाइल सापडली. ५०.४ ग्रे, उजवी बाजू. कुठल्या भागाला किती, त्याचा तक्ता मात्र नाही, मुंबईला मेल केलाय. तो आला की धनकवडी. दाढा काढायची तारीख रद्द केली.

मुलाला सांगितलं, खालचे दात कदाचित आहेत तसेच राहतील. तो म्हणाला, "खालचे कोणाला दिसतात?"