जोर, बैठका, सूर्यनमस्कार होतात. मग कोअरचे (पोट-कंबरेच्या स्नायूंचे) व्यायाम वेगळे करायचे का?

कोथरूडची_गच्ची

घरच्या व्यायामाला आठवड्यातले चार दिवस, रोज ३५ मिनिटं. त्यात १२ सूर्यनमस्कार, जोर १५ चे तीन सेट, बैठका २५ चे तीन सेट, आणि १० किलोच्या डंबेल्सच्या जोडीवर खांदे-दंड. रविवारी वेताळ टेकडी. भाड्याचा फ्लॅट, त्यामुळे भिंतीला भोक पाडून बार लावता येत नाही.

यात प्लँक (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग सरळ धरणं), क्रंचेस (पाठीवर झोपून खांदे उचलणं), लेग रेज (झोपून सरळ पाय उचलणं) अशी कोअरची १० मिनिटं वेगळी घालावीत का? काही जण म्हणतात, जोर मारताना पोट आवळलेलंच असतं, वेगळं काही नको. काहींच्या मते जिमला न जाणाऱ्यानं तर ते करायलाच हवं. वेळ वाढवता येणार नाही, म्हणजे कोअर आलं की दुसरं काहीतरी जाणार. पोटाचा घेर कमी करणं हा हेतू नाही. दिवसातले नऊ तास खुर्चीत जातात, कंबर धड राहावी एवढंच पाहिजे.

मुद्गल_शुक्रवार_पेठ

घेराचा मुद्दा तुम्हीच बाजूला ठेवलात ते बरं झालं. पोटाचे व्यायाम करून फक्त पोटावरची चरबी उतरत नाही.

आता तुमच्या यादीकडे बघू. जोर म्हणजे हलता प्लँकच. छाती खाली जाताना कंबर लोंबू नये म्हणून पोटाचा पुढचा स्नायू सतत ताणून धरावा लागतो. १५ चे तीन सेट कंबर न पडता होत असतील, तर साधा प्लँक मिनिटभर धरून तुम्हाला नवीन काही मिळणार नाही. बैठकांत मांड्या आणि नितंब येतात. सूर्यनमस्कारात कणा पुढे वाकतो, मागे वळतो.

पण हे सगळं पुढे-मागे, एकाच रेषेत चाललंय. धड बाजूला झुकू न देणं आणि पिळू न देणं, ही दोन कामं तुमच्या यादीत जवळजवळ नाहीतच. अश्वसंचालनात एक पाय मागे जातो खरा, पण दोन्ही हात जमिनीवर असल्यानं भार वाटला जातो. डंबेल्ससुद्धा तुम्ही बहुधा दोन्ही हातांत एकदम उचलता.

तालमीत ही बाजू मुद्गल, म्हणजे फिरवायचं जड लाकडी सोटं, सांभाळतो. वजन एका खांद्यावरून पाठीमागे फिरून पुढे येतं, तेव्हा धड त्याच्यामागे वळू न देणं हे पोटाच्या तिरक्या स्नायूंचं काम. घरच्या व्यायामात जोर-बैठका टिकल्या आणि मुद्गल गळाला. ती जागा क्रंचेसनं भरत नाही, कारण क्रंचेससुद्धा त्याच पुढे-मागे रेषेतले.

म्हणून माझं मत: वेगळं कोअर हवं, पण फक्त बाजू आणि पीळ यांच्यासाठी. आठवड्यातून तीनदा आठ मिनिटं पुष्कळ झाली.

एक_हात_डंबेल

जागा कुठे मोकळी आहे ते वर बरोबर सांगितलंय. पण त्यासाठी वेगळी आठ मिनिटं कशाला? आहे तेच एका हातानं करा.

खांद्याचा प्रेस, म्हणजे वजन डोक्यावर ढकलणं, उभं राहून एकाच डंबेलनं केला की वजन धडाला बाजूला ओढतं आणि कंबरेला ते रोखावंच लागतं. दुसरी गोष्ट, तुमच्या यादीत ढकलणं आहे, ओढणं मुळीच नाही, आणि बार नसला तरी रो, म्हणजे वाकून वजन अंगाकडे ओढणं, करता येतो. नितंब मागे ढकलून पाठ सपाट ठेवत वाका, एका हातात डंबेल, दुसरा हात कशालाही टेकवू नका. कोपर खिशाच्या दिशेनं मागे न्या. दर बाजूला १०, तीन सेट. डंबेलच्या बाजूचा खांदा खाली लोंबला किंवा वर नेताना छाती भिंतीकडे वळली, तर पिळाचं काम बुडालं. मग वजन उतरवा किंवा वेग कमी करा.

तिसरं, एका हातात वजन घेऊन चालणं. दोन्ही डंबेल्स एका जाड कापडी पिशवीत घातली की २० किलो. ती एका हातात धरून पॅसेजमध्ये ३० ते ४० सेकंद चाला, मग हात बदला. हटकून होणारी चूक म्हणजे वजनाच्या विरुद्ध बाजूला कलणं. आरशासमोर दोन्ही खांदे एका पातळीत आहेत का बघा. पॅसेज चार पावलांचा असेल तर जागेवरच उभं राहून एकेक गुडघा सावकाश वर घ्या, काम तेच होतं. २० किलो सुरुवातीला जड वाटलं तर पाच लिटरच्या तेलाच्या कॅनमध्ये कोरडी वाळू भरा, साधारण आठ किलो होते. पर्वतीला जाणाऱ्यांनी हीच कॅन १०३ पायऱ्या एका हातात न्यावी आणि मध्यावर हात बदलावा.

फिजिओ_सदाशिव

दोघांचंही पटतं, पण नऊ तास बसणाऱ्या कंबरेला एका हाताची वजनं देण्याआधी स्थिर राहायला शिकवावं लागतं. ते रो करताना शिकता येत नाही, कारण लक्ष हाताकडे असतं. म्हणून पहिले सहा आठवडे वेगळं कोअर कराच.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात कण्याच्या यांत्रिकीवर काम केलेले स्टुअर्ट मॅकगिल तीन व्यायाम सुचवतात: बेतशीर कर्ल-अप (पाठीवर झोपून डोकं-खांदे जरासे उचलणं), साइड प्लँक आणि बर्ड-डॉग. जोर होत असल्यानं तुम्ही पहिला सोडलात तरी चालेल. उरलेले दोन मात्र नीट करा.

साइड प्लँक: कुशीवर, कोपर बरोबर खांद्याखाली. सुरुवात गुडघे दुमडून. कंबर उचलताना नितंब मागे राहतात आणि धड कंबरेत मोडतं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. आधी नितंब पुढे, मग वर.

बर्ड-डॉग: हातगुडघ्यांवर, उजवा हात समोर आणि डावा पाय मागे लांब करा. पाय वर नको, टाच मागच्या भिंतीकडे ढकला. पाय उंच गेला की कंबरेत खळगा पडतो आणि ज्या सांध्यांना आराम द्यायचा तेच दाबले जातात. कंबरेवर प्लॅस्टिकची रिकामी बाटली आडवी ठेवा. ती गडगडली तर कंबर वळली.

दोन्हींत एकदा १० सेकंदच धरायचं, मग खाली. एका बाजूला ४ वेळा, थोडं थांबून ३, मग २. दोन व्यायाम, दोन बाजू, म्हणजे ३६ वेळा १० सेकंद. सहा मिनिटं झाली, विश्रांती धरून आठ. एकदम दोन मिनिटं धरलं की शेवटी आकार बिघडतो आणि शरीर तोच बिघडलेला आकार शिकतं. सोपं वाटू लागलं की सेकंद वाढवू नका, गुडघे सरळ करा.

आणखी एक, अगदी महत्त्वाचं. रात्रभर आडवं राहिल्यानं मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यानंतर पहिला अर्धा-पाऊण तास पुढे वाकताना त्यांच्यावर ताण जास्त येतो. उठल्या उठल्या सूर्यनमस्कार घालू नका. चहा, आंघोळ, थोडी चाल, मग सुरुवात.

सुईण_ते_फिजिओ

हा धागा वाचणाऱ्या बायकांसाठी: बाळंतपणानंतर, कितीही महिने झालेले असोत, डोकं उचलताना बेंबीच्या वर-खाली मधोमध उभा उंचवटा दिसत असेल, तर क्रंचेस आणि पूर्ण प्लँक थांबवा आणि फिजिओकडून तपासून घ्या. हर्निया असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये. रक्तदाब असेल तर धरताना श्वास कोंडू नका. १० सेकंदांत दोन-तीन श्वास सहज घेता आले पाहिजेत.

कोथरूडची_गच्ची

सगळ्यांचे आभार. दोन शंका: लेग रेज काढूनच टाकू का? आणि साइड प्लँकमध्ये कंबरेआधी खांदा दमतो.

फिजिओ_सदाशिव

सध्या काढा. मांडी उचलणारा सोअस स्नायू कंबरेच्या मणक्यांपासूनच निघतो. सरळ पायांचं वजन पोटाला पेललं नाही की तो मणक्यांना पुढे खेचतो, आणि जमीन व कंबर यांच्यात पोकळी होते. त्याऐवजी डेड बग करा. पाठीवर झोपून गुडघे काटकोनात वर, हात छताकडे, कंबरेखाली घडी केलेला पंचा. श्वास सोडत विरुद्ध हात-पाय खाली न्या. पंच्यावरचा दाब सुटायला लागला की तिथूनच परत. दर बाजूला सहा.

खांद्यासाठी: खांदा कानाजवळ येऊ देऊ नका, कोपरानं जमीन खाली दाबा. वरचा हात खालच्या खांद्यावर ठेवून त्याला खाली दाबून धरा. फरशी गुळगुळीत असेल तर पाय भिंतीला टेकवा, नाहीतर घसरण्याच्या भीतीनंच खांदा आखडतो.

एक_हात_डंबेल

वेळेचं गणित: बैठकांचा आणि जोरांचा तिसरा सेट कमी करा, आणि खांद्यांचा प्रेस एका हाताचा करा. दोन सेट कमी झाल्यानं विश्रांतीसकट सहा-सात मिनिटं सुटतात, दंडांचा एक सेट कमी केला की आठ. कोअर शेवटी घ्या. ते आधी थकवून बैठकांना उभं राहिलात, तर पंधराव्या-सोळाव्या बैठकीलाच पाठ गोल व्हायला लागेल.